गणिकाध्यक्षाचा निबंध आणि वैशिकांतील ‘गम्य’

गणिकांविषयीं आपल्या प्राचीन ग्रंथांत जें लिहिलें आहे त्याचा विचार करतांना बहुतेक अभ्यासकांची दृष्टि स्त्रीवरच खिळलेली दिसते. आम्रपालीचें वैभव, वसंतसेनेचें औदार्य, चौसष्ट कलांचें शिक्षण यांचीं वर्णनें वाचून कित्येकांनीं तर त्या काळीं गणिका मोठ्या मानानें राहत असत असा सिद्धांतहि बसविला आहे. द्रव्य देऊन तिच्याकडे जाणारा पुरुष कोण, त्याची मनोवृत्ति कशी आणि राजसत्ता त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाही, हा प्रश्न मात्र मागेंच राहिला. त्या पुरुषाचा माग आम्ही येथें दोन ग्रंथांतून काढणार आहों.

पहिला ग्रंथ कौटिल्याचा. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें तो छापल्यापासून त्याच्या काळाविषयीं जो वाद चालला आहे त्यांत आम्ही शिरत नाहीं. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत गणिकाध्यक्षाचीं कामें सांगितलीं आहेत. गणिकेस मिळणारा भोग, म्हणजे पुरुषानें दिलेलें मोल, तिचा आय, व्यय आणि पुढील प्राप्ति हें सर्व त्यानें निबंधांत लिहावयाचें. गणिकेनेंहि आपला भोग, आयति आणि पुरुष यांची वर्दी त्यास द्यावयाची. यांतील ‘पुरुष’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. येणारा मनुष्य राजाच्या दप्तरीं दाखल होत होता.

त्याच्या अपराधांस दंडहि सांगितले आहेत. गणिकेचे अलंकार, द्रव्य किंवा भोग हरण करणारास आठपट दंड. तिची इच्छा नसतां तिला कोंडणारास किंवा जखम करून तिचें रूप बिघडविणारास एक हजार पण. एवढें वाचून हा न्याय समतोल होता असें कोणी म्हणेल, तर त्यानें तोच अध्याय पुढें वाचावा. राजाज्ञा होऊनहि पुरुषाकडे न जाणाऱ्या गणिकेस हजार फटके अथवा पांच हजार पण दंड आहे. तिनें पुरुषास ठार मारल्यास तिला चितेवर जाळावें किंवा पाण्यांत बुडवावें. उलट अधिकारावर असलेल्या गणिकेस मारणारा पुरुष तिच्या निष्क्रयाच्या तिप्पट रक्कम भरून सुटतो. हा निष्क्रय चोवीस हजार पण. अर्थात् येथें रक्षण होतें तें राजाच्या मालमत्तेचें. रूपाजीवांकडून तर दरमहा दोन भोगांइतकी रक्कम राजा घेतच असे.

कौटिल्यास पुरुष दिसला तो पैशांच्या बाजूनें. त्याचें अंतरंग पाहावयाचें तर वात्स्यायनाचें सहावें, वैशिक अधिकरण उघडावें लागतें. केवळ द्रव्यासाठीं स्वीकारावयाच्या ‘गम्य’ पुरुषांची यादी तेथें आहे. कष्टावांचून धन मिळालेला, स्वतःस सुंदर समजणारा, आत्मश्लाघा करणारा, षंढ असून पुरुष म्हणवून घेऊं इच्छिणारा, बरोबरीच्यांशीं चढाओढ करणारा, वडिलांचें न ऐकणारा, धनवंताचा एकुलता एक पुत्र, दैवावर भार टाकणारा. शेवटीं वैद्याचेंहि नांव आहे. वाचकांतील वैद्यांनीं क्षमा करावी. या साऱ्या यादींत ‘काम’ हा शब्द एकदांच येतो, आणि तोहि लिंगधारी तापसाच्या छुप्या वासनेसंबंधानें! बाकी सर्वत्र दिसतो तो अहंकार, स्पर्धा आणि ऐट. शिवाय गणिकेनें आपला लोभ झांकून स्वाभाविक प्रेम दाखवावें असा उपदेश आहे, कारण प्रेम करणाऱ्या स्त्रीवरच पुरुषांचा विश्वास बसतो. म्हणजे मोल देणाराच तें दिल्याचें विसरूं पाहतो. आमच्या मतें सबंध अधिकरणांत याहून मर्मग्राही निरीक्षण नाहीं.

अलीकडील कायदे यांशीं ताडून पाहिले असतां हा पुरुष दप्तरांतून नाहींसा झालेला दिसतो. इ. स. १८६४ च्या छावण्यांच्या कायद्यानें व १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें स्त्रियांची नोंद व सक्तीची तपासणी सुरू केली. त्यांच्याकडे येणाऱ्या गोऱ्या शिपायाची नोंद नाहीं. दुसरा कायदा १८८८ मध्यें रद्द झाला. इ. स. १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्याच्या सातव्या कलमांत मनाई केलेल्या जागेपुरता पुरुषहि दंडास पात्र आहे. परंतु आठव्या कलमांत, १९८६ च्या दुरुस्तीनंतर, बोलावणें करणाऱ्या स्त्रीस पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, तर पुरुषास सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतच. स्वीडननें १९९९ पासून विकत घेणारासच अपराधी ठरविलें. आपल्याकडे त्या दिशेचें विधेयक २००६ मध्यें आलें व २००९ मध्यें लोकसभेबरोबर लयास गेलें. अशा दंडानें धंदा अधिकच आडोशास जातो व स्त्रीचा धोका वाढतो, हा आक्षेप हलका नाहीं. तथापि एक भेद आम्हांस खटकतो. भोग बुडविणारास कौटिल्य आठपट दंड करी; आज तीच स्त्री दिवाणींत दावा लावूं शकत नाहीं, कारण इ. स. १८७२ च्या करारांच्या कायद्यानें तो करार अनैतिक म्हणून व्यर्थ ठरतो.

या विषयाचा मूळ ग्रंथ दत्तकाचा. पाटलिपुत्राच्या गणिकांच्या सांगण्यावरून त्यानें वैशिक स्वतंत्रपणें रचिलें, असें वात्स्यायन सांगतो. पश्चिम गंगांच्या ताम्रपटांत माधव राजास दत्तकसूत्रावरील वृत्तीचा कर्ता म्हटलें आहे. सूत्र व वृत्ति दोन्ही आज उपलब्ध नाहींत. जुन्या दप्तरांच्या याद्या करतांना वैशिकाचीं सुटीं पानें ‘शृंगार, किरकोळ’ या सदरांत बांधून ठेवण्याची रीत आहे. विशेषतः कर्नाटकाकडील घराण्यांच्या संग्रहांत असे गठ्ठे ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं ते एकदां सोडून पाहावे, व कांहीं आढळल्यास मंडळास कळवावें, अशी विनंती आहे.