ऑनलाइन सौदा मोडला, तर दावा कोणत्या गावात?

मालेगाव, भिवंडीच्या आपल्या अनेक व्यापारी बांधवांकडे आता मोबाईलवर ऑर्डरी येतात. लुंगी, साडी, चादर दूर दिल्लीपर्यंत जाते. पण सौदा मोडला तर दावा कुठे चालणार, याचा विचार सहसा होत नाही. म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रश्न जुनाच आहे. खामगावच्या एका गिरणीने अहमदाबादच्या व्यापाऱ्याची सरकी पेंडीची मागणी टेलिफोनवर कबूल केली. माल मिळाला नाही, म्हणून व्यापाऱ्याने अहमदाबादेत दावा लावला. सौदा खामगावात झाला, असे गिरणीचे म्हणणे होते. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की टेलिफोनवरचा होकार जेथे ऐकू येतो तेथे करार पुरा होतो. म्हणून दावा अहमदाबादेत चालेल. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते, पण बहुमताचा निर्णय कायम राहिला.

२०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हेच तत्त्व वेबसाइटवरील विक्रीला लावले. ग्राहक ऑर्डर देतो, विक्रेता ती स्वीकारतो आणि हा होकार ग्राहकाच्या गावी पोहोचतो. मात्र वेबसाइट नुसती दिल्लीत दिसते, एवढ्यावरून तेथे दावा चालत नाही. तेथील ग्राहकांशी जाणूनबुजून व्यवहार केल्याचे दाखवावे लागते, असे त्याच न्यायालयाने २००९ साली म्हटले होते.

बिलावर 'मालेगाव न्यायकक्षेस अधीन' असे छापण्याची आपली रीत आहे. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत ती उपयोगी पडते. पण ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांपैकीच एक निवडता येते. शिवाय माल गेल्यावर बिलात ही अट घालणे कच्चे काम आहे. ऑर्डर घेतानाच ती कळवावी व समोरच्याचा लेखी होकार ठेवावा.

घरच्या वापरासाठी घेणाऱ्या किरकोळ ग्राहकापुढे मात्र या ओळीच्या भरवशावर राहू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करता येते. अशी नोटीस आली तर फेकून देऊ नये. गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी लागू शकतो. या कायद्यात व्हिडिओद्वारे सुनावणी मागण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा.

ऑर्डरचे संदेश, मालाचे फोटो, पाठवणीची पावती जपून ठेवावी. पाचशे रुपयांच्या चादरीसाठी परगावी वकील लावण्यापेक्षा ती वेळीच बदलून देणे केव्हाही स्वस्त पडते.