मुंबई-जेद्दा विमान: जाताना ३ तास, येताना साडेसात? जाणून घ्या तिकिटावरील वेळेचे गणित

गोवंडीतून दरवर्षी अनेक ज्येष्ठ नागरिक हज आणि उमरासाठी जेद्दाला जातात. तिकीट हाती आले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, प्रवास नेमका किती तासांचा? तिकिटावरील वेळा पाहून हा हिशेब हमखास चुकतो.

तीन तासांत जेद्दा?
समजा, विमान मुंबईहून सकाळी ८ वाजता सुटते आणि ११ वाजता जेद्दाला पोहोचते. प्रत्यक्षात प्रवास साडेपाच तासांचा असतो. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा छापतात आणि सौदी अरेबियाचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. परतताना दुपारी २ ला सुटलेले विमान रात्री साडेनऊला मुंबईत उतरते. फरक साडेसात तासांचा दिसतो, प्रवास मात्र पाचच तासांचा.

सोपे सूत्र काय?
जाताना दिसणाऱ्या वेळेत अडीच तास मिळवा, येताना तेवढेच वजा करा.

अंतर किती, वेळ एवढा का?
दोन्ही विमानतळांतील सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किमी आहे. ताशी ८७० किमी वेगाने ते चार तासांत कापता येईल. मात्र धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, ठरलेल्या हवाई मार्गाचे वळण आणि उतरण्याआधीची प्रतीक्षा यांत तास-सव्वा तास जातो.

येताना कमी वेळ का?
उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी ८० किमीचा वारा समोरून आला, तर ३,५०० किमीला सुमारे ४ तास २६ मिनिटे लागतात. पाठीमागून आला, तर ३ तास ४१ मिनिटे. म्हणजेच पाऊण तासाचा फरक.

हिशेब का महत्त्वाचा?
मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन आणि जेवणाची वेळ प्रत्यक्ष तासांवर ठरवावी. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यात्रेकरूंना मीकातची हद्द ओलांडण्यापूर्वी एहरामची नियत करावी लागते. ही हद्द उतरण्याआधी, विमान हवेत असतानाच येते. त्यामुळे अनेकजण मुंबईतच एहराम बांधून निघतात.

विमानतळ कोणता?
२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर मुंबई, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. गोवंडीतून एक सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या बाजूला, तर दुसरा वाशी खाडीपुलापलीकडे. दिशा चुकली, तर विमान हुकू शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचणे योग्य.

पूर्वी कसे जात?
मुंबई बंदरातून जहाजाने. कित्येक दिवसांचा तो सागरी प्रवास १९९५ मध्ये बंद झाला.