जुनी सफारी, जुनी स्कॉर्पिओ : आतली डागडुजी घरच्या घरी

पुण्यात तयार झालेली टाटा सफारी १९९८ साली बाजारात आली, नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ २००२ साली. आजही अशा कित्येक गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं, पण आतली रया गेलेली असते.

● आधी बॅटरी : कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका.

● लोंबणारं छत : कापडामागच्या फोमचा उष्णतेने आणि दमट हवेने भुगा होतो. त्यावर नुसता गोंद टिकत नाही. छताचा पुठ्ठा उतरवा, जुना फोम ब्रशने पूर्ण खरवडा, मग फोम लावलेलं नवं कापड उष्णता सोसणाऱ्या स्प्रे गोंदाने मधून कडेकडे चिकटवत न्या.

● ओलं कार्पेट : चालकाशेजारच्या सीटपुढे पाणी दिसलं, तर एसीची निचरा नळी तुंबली आहे का ते आधी पाहा. काचेखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा. कार्पेट उचलून पत्रा तपासा. गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा आणि पूर्ण वाळल्यावरच कार्पेट अंथरा.

● जड सरकणारी काच : खिडकीचं रबरी चॅनल पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.

● कागदपत्रं : सीटकव्हर खुशाल बदला, बाहेरचा रंग बदलल्यास मात्र आरटीओत नोंद करावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते.