बोटांवरचे सरी-वरंबे
त्वचेची गोष्ट : लेखांक ९

‘तुझी चक्रं किती, शंख किती?’ असं विचारत लहानपणी आपण सगळ्यांनीच बोटं मोजली आहेत. चक्रं जास्त तो भाग्यवान, असं माझी आजी सांगायची. ती चक्रं येतात कुठून, ते आज पाहू.

खिडकीच्या तिरप्या उजेडात बोटाचं टोक भिंगाखाली धरा. सरी-वरंबे पाडलेलं रान दिसेल. वरंब्यांच्या माथ्यावर ओळीनं बारीक टिंबं असतात. ती घामाची छिद्रं. थोडं थांबलात तर एखाद्या छिद्रावर थेंब चमकून उठतो. तळहात-तळपाय सोडून त्वचेवर असे वरंबे कुठेच नाहीत, आणि इथे केसही नाहीत.

गर्भ सुमारे सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर फुगीर उशा येतात. दहाव्या आठवड्यानंतर त्या बसू लागतात. त्याच सुमारास बाह्यत्वचेच्या तळच्या थरातल्या पेशी ओळीओळींनी वेगानं वाढून खाली अंतस्त्वचेत रुतू लागतात. एक रासायनिक संकेत त्यांना ‘वाढा’ म्हणतो, दुसरा ‘थांबा’. या ओढाताणीतून समान अंतरावर पट्टे उमटतात. अशा ओढाताणीतून नक्षी तयार होऊ शकते, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्येच मांडलं होतं. बोटांवर नेमकं तेच घडतं, हे एडिंबरातल्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं. उशीचा मध्य, नखाखालची कड आणि पेराची घडी, या तीन ठिकाणांहून पट्ट्यांच्या लाटा निघतात आणि एकमेकींना भिडतात. तेव्हा उशी उंच असेल तर चक्र, कललेली असेल तर शंख आणि बसकी असेल तर नुसती कमान. सतराव्या आठवड्याच्या सुमारास मांडणी पक्की होते. वरंबा नेमका कुठे फुटेल, कुठे तुटेल, हे मात्र त्या त्या जागेच्या बारीकसारीक फरकांवर ठरतं. म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या गवंडीकाकांचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठेना. सिमेंटनं वरंबे झिजले होते. महिनाभर काम बंद राहिलं आणि तेच वरंबे त्याच वळणांनी परत आले. ऊस तोडला तरी खोडवा जुन्याच ओळीत फुटतो, कारण मुळं खाली असतात. ठशाचंही तसंच, जखम खोल अंतस्त्वचेपर्यंत गेली, तरच नक्षी मोडते.

गोरिला-चिंपांझींना ठसे आहेत. स्पायडर मंकीला तर शेपटीच्या टोकाखालीही आहेत, कारण ती शेपटी फांदी धरते. पण ऑस्ट्रेलियातल्या कोआलाचे ठसे माणसासारखे असावेत, हे नवल. त्याचे आणि आपले पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. कोआलाच्या जवळच्या वॉम्बॅटला ठसे नाहीत, कांगारूलाही नाहीत. म्हणजे फांदी धरून निलगिरीची पानं पारखणाऱ्या बोटांवर ही नक्षी स्वतंत्रपणे आली. धरणं आणि चाचपणं, हे काम जिथे आलं तिथे त्वचेनं वरंबे पाडले.

आजीनं मोजलेल्या चक्रांत पुढचं भाग्य लिहिलेलं नाही. आईच्या पोटातले आपले काही आठवडे मात्र तिथे कायमचे उमटले आहेत.

(पुढील लेखांकात : गाईच्या ओल्या नाकावरची नक्षी)