रोमची चांदी आणि आपला मोसमी वारा

कोयनानगरचा शिवसागर जलाशय ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या पावसाने भरतो, त्याच वाऱ्यांवर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातील जहाजे भारताकडे येत. जुलैत इजिप्त सोडायचे आणि हिवाळ्यात वारा उलटला की परतायचे! त्या व्यापारातून आलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. तेथील संग्रहालयात ती जरूर पाहा.

प्लिनी हा रोमन लेखक कुरकुरतो, की भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो. चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक डिनेरियस, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. करा बरे हिशेब! चाळीस टनांहून अधिक चांदी होते. (तक्रार करणारा आकडा कमी सांगत नसतो, हेही ध्यानात ठेवा.)

मग रोम मिऱ्यांपायी बुडाले काय? छे! ऑगस्टसचे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. इ. स. ६४ मध्ये नीरोने त्याचे वजन आणि चांदी, दोन्ही घटवली. पुढे सैन्याचा पगार वाढला, सेनापती आपसांत लढू लागले; तिजोरी पुरेना, म्हणून नाण्यात तांबे मिसळले जाऊ लागले. २७०च्या सुमारास शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. भाव कडाडले. ३०१ मध्ये डायोक्लेशियनने ते कायद्याने बांधले, पण व्यर्थ! ४७६ मध्ये पश्चिमेचा सम्राट पदच्युत झाला. पूर्वेचे राज्य मात्र १४५३पर्यंत तगले.

ही भेसळ ओळखतात कशी? नुसत्या पृष्ठभागावर क्ष-किरण टाकले तर फसगत होते, कारण तेथे चांदी अधिक असते. म्हणून कडेला बारीक छिद्र पाडून आतला धातू तपासतात.