पेट्रोल इंजिनाची अडखळती चाल : दोष कसा शोधावा

आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणात वापरलेली विकत घेतलेली पेट्रोल व्हॅन उभी असते. भाजीपाला, दूध, खताची पोती, प्रसंगी आजारी माणूसही तिच्यातूनच नेला जातो. अशी गाडी उभ्या जागी थरथरू लागली, मंद चालीवर अडखळून बंद पडू लागली, म्हणजे कारागीर 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. हा दोष दिसावयास किरकोळ, परंतु शोधावयास चिवट असतो. तो सापडण्यापूर्वीच सुटे भाग बदलण्याची घाई केल्यास पैसा व्यर्थ जातो.

जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाची हकीगत येथे देण्याजोगी आहे. त्यांच्या तीन सिलिंडरांच्या व्हॅनला मागाहून सीएनजी किट बसविलेले होते. पहाटे घरून निघताना गाडी बरी चाले. नारायणगावच्या बाजारापाशी रांगेत थांबले आणि इंजिन चांगले तापलेले असले, की चाल बिघडे. क्रेट उतरण्यापूर्वी गाडी दोन-तीनदा बंद पडे. वेग घेतला की दोष जवळजवळ नाहीसा होई. दोन महिन्यांत तीन कारागिरांनी प्लग, जाड वायरी, पेट्रोलचा व हवेचा फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. दोष जागच्या जागी राहिला. ऐन तोडणीत गाडी गॅरेजात अडकली, तेव्हा माल भाड्याच्या टेम्पोने धाडावा लागला.

तिघांनीही काम प्रामाणिकपणे केले असेल. चुकला तो क्रम. नेमका कोणता सिलिंडर काम करीत नाही, हा पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही.

इंजिन मंद चालीवर मिनिटास सुमारे ८०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडरात एकदा स्फोट व्हावयास हवा, म्हणजे मिनिटास ४०० वेळा. तीनांपैकी एक सिलिंडर निकामी झाला, तर एक-तृतीयांश बळ गेलेच, शिवाय उरलेल्या दोघांवर त्याचे ओझे पडते. स्फोट होण्यास तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, आणि पुरेसा दाब. शोध या तिहींतच घ्यावयाचा असतो.

सिलिंडर ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून पेट्रोलवर मंद चालीत ठेवावी. एकेका इंजेक्टरची वायरीची जोडणी क्षणभर काढून पुन्हा बसवावी. चांगल्या सिलिंडरची जोडणी काढताच इंजिन दबते व थरथर वाढते. जिची जोडणी काढूनही चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी समजावा. ठिणगीच्या जाड वायरी चालू इंजिनावर उपटण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यांतील विजेचा दाब हजारो व्होल्ट असतो.

आता दोषी सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरात व शेजारचा येथे बसवावा. दोष प्लगाबरोबर सरकला, तर प्लगच खराब. प्रत्येक प्लगास स्वतंत्र कॉइल असेल, तर कॉइलींचीही अशीच अदलाबदल करावी. यास एक पैसाही लागत नाही. काढलेला प्लग न्याहाळावा. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी दुबळी. तेलकट ओल म्हणजे वंगण वर येत आहे. पांढराफटक म्हणजे इंधन कमी.

वरील व्हॅनमध्ये तिसरा सिलिंडर दोषी निघाला. प्लग बदलून पाहिले, दोष तिसऱ्यातच राहिला. गाडी पेट्रोलवर व गॅसवर सारखीच अडखळत होती, म्हणजे एका इंधनाच्या इंजेक्टरवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. राहिला तो दाब. गरम इंजिनावर गेज लावले, तेव्हा पहिल्या दोहोंत चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या आसपास आणि तिसऱ्यात ७ भरला. प्लगाच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब चढला असता. तो चढला नाही. तेव्हा गळती व्हॉल्व्हपाशी किंवा हेड गॅस्केटपाशी. व्हॉल्व्हचे झाकण उघडून पाहता, तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फीलर गेजची पातळ पट्टीही शिरेना. सीएनजी कोरडा वायू असल्याने जुन्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधील मोकळीक नाहीशी होते. तापून लांबलेला व्हॉल्व्ह मग पुरता मिटत नाही. मंद चालीत गळतीस वेळ अधिक मिळतो, वेगात कमी. बाजाराच्या रांगेतील कोडे एवढेच होते.

टॅपेट वाजू नयेत म्हणून ते घट्ट करून घेण्याची आपल्याकडे हौस आहे. वाजणारा टॅपेट कानास त्रास देतो. मुकाट घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी बारीक असते; ती गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच, आणि इंजिन थंड की गरम हे पाहूनच ठेवावी. या गाडीचा व्हॉल्व्ह सुदैवाने जळला नव्हता. टॅपेट लावताच दाब सावरला व गाडी रांगेत उभी राहू लागली.

सर्व गाड्यांत हेच कारण असेल असे नाही. गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात; रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास निसटती ठिणगी डोळ्यांस दिसते. हवेच्या मॅनिफोल्डची रबरी नळी तडकली असेल, तर जादा हवा शिरून फक्त मंद चाल बिघडते. वायरी सांभाळून नळीच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. चाल बदलली की चीर सापडली. सर्वच सिलिंडर अधूनमधून चुकत असतील, तर इंधनाकडे पाहावे. देशात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचले. इथेनॉल ओलावा शोषते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी तळाशी बसू शकते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत संगणक चुकणारा सिलिंडर स्वतःच नोंदवितो : पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०३ म्हणजे तिसरा, पी ०३०० म्हणजे अनिश्चित. ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास हे अवश्य सांगावे, की संकेतात सिलिंडर कळतो, कारण कळत नाही. तो वाचून लगेच कॉइल बदलू देऊ नये.

दुरुस्ती होईपर्यंत एक काळजी घ्यावी. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरात जळून तो लालबुंद होऊ शकतो. असली गाडी खळ्यावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीपाशी उभी करू नये. बंद शेडमध्ये तर चालूही ठेवू नये.