श्रेय कुणाचे? एका परदेशी खेळाच्या निमित्ताने

अमेरिकेतल्या माणसाशी फुटबॉलविषयी बोलायला लागलो की थोड्याच वेळात लक्षात येते, आपण एका खेळाविषयी बोलतो आहोत आणि तो दुसऱ्याच. तिथल्या फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो. त्याला पाय क्वचितच लागतो. तो हातात धरून पळायचे किंवा फेकायचा. खेळाडू डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड गाद्या बांधून एकमेकांना सरळ धडका देतात. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. एवढे नियम आपल्याला पुरेत.

जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एका खेळाडूच्या हातून होते. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू हातात आल्यापासून दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते की तो धावणाऱ्या साथीदाराच्या हाती द्यायचा की लांब फेकायचा, आणि फेकायचा तर कुणाकडे. तेवढ्यात समोरचे सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे गडी त्याला आडवे पाडायला धावून येत असतात. मैदानाच्या कडेला उभा असतो मुख्य प्रशिक्षक, सोबत सहायकांचा ताफा. प्रत्येक चाल आधी कागदावर आखलेली आणि सरावात घोटून घेतलेली असते. १९९४ पासून तर क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवायला परवानगी आहे. पुढची चाल कोणती, हे त्याच्या कानात सांगितले जाते. मात्र चाल सुरू करण्याच्या मुदतीतले शेवटचे पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढचे सगळे त्या एकट्याचे.

मग संघ जिंकला तर श्रेय कुणाचे, क्वार्टरबॅकचे की प्रशिक्षकाने बसवलेल्या पद्धतीचे? तिकडे हा वाद वर्षानुवर्षे हिरिरीने चालतो. आपल्याला त्यात रस असण्याचे कारण वेगळे आहे. दोन कारणे नेहमी जोडीनेच हजर असतील तर त्यांचे परिणाम वेगळे कसे करायचे, हा विज्ञानातला नेहमीचा पेच आहे आणि या खेळात तो आकड्यांनिशी समोर येतो.

या वादातली सर्वांत गाजलेली जोडी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाची. बिल बेलिचिक २००० साली तिथे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी १९९१ ते १९९५ या काळात ते क्लीव्हलँड ब्राऊन्सचे प्रशिक्षक होते. तिथे साखळीतले ३६ सामने जिंकले, ४४ हरले. पेट्रियट्सकडचे पहिले वर्षही ५ विजय आणि ११ पराभवांचे. त्याच वर्षी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांनी टॉम ब्रेडी नावाचा क्वार्टरबॅक घेतला, तो १९९व्या क्रमांकावर. म्हणजे तोवर १९८ वेळा कुणी ना कुणी दुसऱ्याच खेळाडूवर बोट ठेवले होते, खुद्द पेट्रियट्सनीसुद्धा. सप्टेंबर २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला म्हणून ब्रेडीला उतरवावे लागले. त्या हंगामात संघाने सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपद, जिंकले. २०१९ पर्यंत ही जोडी टिकली आणि तिने सहा अजिंक्यपदे मिळवली.

आता साधा हिशेब करू. पेट्रियट्सकडून ब्रेडीने सुरुवातीपासून खेळलेल्या साखळी सामन्यांत २१९ विजय आणि ६४ पराभव आहेत. बेलिचिक २०२३च्या हंगामानंतर पेट्रियट्समधून बाहेर पडले, तोवर मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी ब्रेडीशिवाय काढलेले सगळे सामने, ब्राऊन्सचे धरून, मोजले तर ८३ विजय आणि १०१ पराभव. झाले की! श्रेय ब्रेडीचे.

पण आपल्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने एक कुंडी उन्हात ठेवून तिला खत घातले, दुसरी सावलीत ठेवून खत घातले नाही, आणि मग 'खतामुळे रोप वाढले' असे वहीत लिहिले, तर आपण ते मान्य करू का? वरच्या हिशेबात नेमके तेच झाले आहे. ब्रेडी नसलेले सामने म्हणजे फक्त ब्रेडी वजा केलेले सामने नव्हेत. त्यांत दुसऱ्या शहरातला दुसरा संघ आहे, नव्याने घडी बसवण्याचे वर्ष आहे, आणि भोवतालचे जुने खेळाडू पांगल्यानंतरची वर्षेही आहेत.

बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलणे खेळात कुणाच्या हाती नसते. पण कधीकधी निसर्गच तसा प्रयोग करून देतो. २००८ सालच्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. प्रशिक्षक तेच, साथीदार बहुतेक तेच. त्याच्या जागी आलेल्या मॅट कॅसलने शाळा सोडल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. दुखापत संघाची कामगिरी पाहून होत नाही, म्हणून असा बदल मोलाचा. क्वार्टरबॅक वाईट खेळतो म्हणून बदलला असता तर प्रयोग तिथेच बिघडला असता.

निकाल काय लागला? २००७ मध्ये ब्रेडी असताना १६ पैकी १६ विजय आणि ५८९ गुण. २००८ मध्ये कॅसलबरोबर ११ विजय आणि ४१० गुण. पाच विजय आणि १७९ गुणांची घट, ही झाली ब्रेडीची किंमत. पण जरा थांबा. २००६ मध्येही ब्रेडीच होता. तेव्हा १२ विजय आणि गुण फक्त ३८५, म्हणजे कॅसलपेक्षा कमी! आणि २००९ मध्ये ब्रेडी परत आल्यावर १० विजय, ४२७ गुण. तुलनेला २००७ घेतले तर ब्रेडी हा चमत्कार ठरतो. २००६ किंवा २००९ घेतले तर तो असला काय नि नसला काय. (रँडी मॉस हा असामान्य झेल घेणारा खेळाडू २००७ मध्ये संघात आला आणि २००८ मध्ये कॅसललाही तो मिळाला, हेही विसरता येत नाही.) तुलनेचे वर्ष कुणी निवडले, हे निष्कर्ष वाचण्याआधी पाहावे. वर्तमानपत्रातली वाढ-घटीची आकडेवारी वाचतानाही ही सवय उपयोगी पडते.

शिवाय ते ११ विजय कुणाविरुद्धचे? त्या वर्षी वेळापत्रकाने पेट्रियट्सची गाठ ज्या दोन पश्चिम विभागांशी घातली, त्यांतल्या आठ संघांपैकी एकाचीही कामगिरी ९ विजय, ७ पराभव याहून चांगली नव्हती. त्या आठांविरुद्ध पेट्रियट्सनी सात सामने जिंकले. उरलेल्या आठ सामन्यांत चार जिंकले, चार हरले.

नाणे काय सांगते

आणखी एक गोष्ट वर्गात करून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नाणे १६ वेळा उडवायला सांगा. छापा म्हणजे विजय, काटा म्हणजे पराभव. सरासरी आठ विजय येणार हे उघड आहे. पण प्रमाण विचलन १६ × ½ × ½ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे २ येते. अकरा किंवा जास्त छापे पडण्याची संभाव्यता सुमारे साडेदहा टक्के आहे. सर्व संघ अगदी सारख्या ताकदीचे असलेली बत्तीस संघांची साखळी कल्पिली, तरी दर वर्षी सरासरी तीन संघ अकरा किंवा अधिक सामने जिंकतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रशिक्षकांच्या दूरदृष्टीवर लेख येतील. तेवढेच संघ पाच किंवा कमी जिंकतील आणि त्यांच्या प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जातील.

नोकरी गेल्यानंतरचे पुढे बघा. दुर्दैवाने तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी, काहीही न करता, बहुधा वर येतो; कारण तेच दुर्दैव पुन्हा वाट्याला येण्याची शक्यता कमी असते. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. नवा प्रशिक्षक आलेला असतोच. श्रेय त्याला मिळते.

हे आपल्याला परके नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुले इकडची तिकडे झाली की निकाल पाच टक्क्यांनी हलतो. कुणाला परीक्षेच्या दिवशी ताप येतो, कुणाचे घर पावसात गळते. एका वर्षाच्या अशा पाच टक्क्यांवर शिक्षकाला बोलणी बसताना मी पाहिली आहेत, आणि पुढच्या वर्षी निकाल आपसूक वर आला तेव्हा ती बोलणीच उपयोगी पडली असे म्हणतानाही ऐकले आहे.

लांबी मोठी की रुंदी

पेट्रियट्सचा प्रयोग वाचून 'पद्धतच श्रेष्ठ' म्हणणाऱ्यांनी इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाहावे. त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे २०११चा पूर्ण हंगाम खेळला नाही. आदल्या वर्षी १० विजय मिळवणारा संघ २ विजयांवर आला. एका संघात क्वार्टरबॅक गेल्याने थोडे बिघडते, दुसऱ्यात छप्परच कोसळते. कारण कोल्ट्सची सगळी पद्धत मॅनिंगभोवती बांधलेली होती. मैदानावर उभे राहून, समोरची रचना पाहून ऐनवेळी चाल बदलणे हेच तिचे मर्म होते. खेळाडूचा परिणाम किती, हे पद्धत कोणती यावर अवलंबून आहे. मग दोघांच्या वाट्यांची बेरीज करता येत नाही.

आनुवंशिकता महत्त्वाची की परिस्थिती, या प्रश्नावर कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी दिलेले म्हणून एक उत्तर सांगितले जाते: आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा जास्त की रुंदीचा? सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोलीच्या चोवीस चौरस मीटरांपैकी लांबीचे किती, हे विचारणेच चूक. पेट्रियट्सच्या सहा अजिंक्यपदांपैकी ब्रेडीची किती आणि बेलिचिक यांची किती, हा प्रश्न तसाच आहे.

मात्र इथे थांबून हात झटकणे मला पटत नाही. एकाऐवजी शंभर खोल्या घेतल्या, आणि त्या सगळ्यांची रुंदी साडेतीन ते चार मीटर, पण लांबी तीनपासून बारा मीटरपर्यंत असली, तर खोल्याखोल्यांच्या क्षेत्रफळांतला फरक मुख्यतः लांबीमुळे पडतो हे निःशंकपणे म्हणता येते. एका खोलीबद्दल निरर्थक असलेला प्रश्न अनेक खोल्यांबद्दल अर्थपूर्ण होतो. म्हणून एका जोडीवर घुटमळण्यापेक्षा अनेक जोड्या पाहाव्यात.

जो गिब्स यांनी वॉशिंग्टनच्या संघाला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली, १९८२, १९८७ आणि १९९१च्या हंगामांत, आणि तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळा होता: जो थाइसमन, डग विल्यम्स, मार्क रिपिन. उलट बाजूला डॉन शुला, साखळी व बाद फेरी मिळून सर्वाधिक ३४७ विजयांचे प्रशिक्षक, आणि डॅन मरिनो, आपल्या काळातला सर्वोत्तम फेक असलेला क्वार्टरबॅक. दोघे तेरा हंगाम एकत्र होते. अजिंक्यपद एकही नाही. त्रेपन्न जणांच्या संघात उरलेल्या बावन्नांचाही काही विचार करायला हवा, एवढे तरी यातून कळते.

२०२० मध्ये ब्रेडी टँपा बे बुकॅनियर्सकडे गेला, तेव्हा बहुतेकांनी वाद मिटला असे मानले. पेट्रियट्स १२ विजयांवरून ७ वर आले. बुकॅनियर्स ७ वरून ११ वर गेले आणि अजिंक्यपदही जिंकून बसले. या प्रयोगातही भेसळ आहेच. महामारीच्या त्या वर्षी पेट्रियट्सच्या आठ खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला होता, तर टँपाकडे ब्रेडीपाठोपाठ त्याचा जुना साथीदार रॉब ग्रोन्काउस्की आला. अंतिम सामन्यात ३१-९ असा विजय मिळाला, त्यात बचावफळीचा वाटा मोठा होता. पण टँपाची एक गोष्ट मला सगळ्या जय-पराजयांच्या गोळाबेरजेपेक्षा वजनदार वाटते. दोन्ही वर्षी प्रशिक्षक ब्रूस एरियन्स हेच होते. आधीच्या वर्षी त्यांच्या क्वार्टरबॅकचे ३० फेके प्रतिस्पर्ध्यांनी झेलून पळवले होते, ब्रेडीचे १२. तब्बल अठरा वेळा चेंडू शत्रूच्या हाती जायचा वाचला. इथे नुसता 'तो आला आणि संघ जिंकला' असा संबंध दिसत नाही, तर कोणत्या मार्गाने जिंकला तेही दिसते.

आता याच टँपा बेचा एक जुना क्वार्टरबॅक पाहू. स्टीव्ह यंगने १९८५ आणि १९८६ मध्ये तिथे १९ सामने सुरुवातीपासून खेळले आणि त्यांतले फक्त ३ जिंकले. आकड्यांवर जाणाऱ्याने त्याला घरी पाठवले असते. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९८७ मध्ये त्याला आपल्याकडे घेतले. वॉल्श यांची जवळच्या जवळ, अचूक आणि वेळेवर फेक करण्याची पद्धत सिनसिनाटीला १९७० च्या सुमारास जन्मली होती. त्यांच्या दणकट हाताच्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली आणि हाती उरलेल्या व्हर्जिल कार्टरला लांब फेकताच येत नव्हते, म्हणून. म्हणजे ती पद्धतही एका खेळाडूच्या उणिवेतून आकाराला आली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तिच्यावर जो मोंटानाने राज्य केले. वॉल्श १९८८च्या हंगामानंतर निवृत्त झाले, मोंटाना १९९३ मध्ये दुसरीकडे गेला, आणि १९९४च्या हंगामात त्याच संघाने पुन्हा अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यात सहा गोल-फेकी करणारा क्वार्टरबॅक होता स्टीव्ह यंग. त्याआधी चार वर्षे तो मोंटानामागे राखीव म्हणून बसला होता. त्या चार वर्षांत तो किती शिकला आणि किती मुळातच त्याच्या अंगात होते, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही.